इन्स्टॉल झाला की इन्शाल्ला?

मंडळी, मदत हवीय. आज व्हॅट रिटर्नचा शेवटचा दिवस आणि मी अजून प्रोबेशनवर.

दुबईतलं आमचं ऑफिस डिझाइनवाल्यांचं, म्हणून सगळ्यांना मॅक. सर्व्हरवर लिनक्स. माझं अकाउंट्सचं सॉफ्टवेअर मात्र फक्त विंडोजवर चालतं.

सकाळी शारजाच्या बसमधून आयटीच्या रफिकभाईंना फोन केला. "माझ्या मशीनवर विंडोज टाकलात?"

ते म्हणाले, "इन्शाल्ला."

गोंगाटात मी ऐकलं, "इन्स्टॉल झाला." रत्नागिरीचा माणूस, मराठीतच बोलणार ना!

आत्ता बघते तर काहीच नाही, आणि रफिकभाई अबुधाबीला गेलेत. मॅनेजरने विचारलं, "रिटर्न खलास?"

माझ्या तोंडून निघालं, "इन्शाल्ला."

आमच्या ऑफिसच्या भागात, जेएलटीत, आत्ता कुणाकडे विंडोजचा लॅपटॉप आहे का हो? 'हो' किंवा 'नाही' एवढंच लिहा. इन्शाल्ला मी आधीच म्हणून बसलेय.