तानीकाकूचा पिवळा रेग्युलेटर

आमच्या डायव्हिंग क्लबातली हल्लीची पोरं पाण्याखाली श्वास घ्यायचा रेग्युलेटर घेतात तो फोनवर बोट फिरवून. घरपोच येतो, चकचकीत खोक्यातून. मी काही बोलत नाही. बोलले तर म्हणतात, "लीन, सुरू झालं तुझं." पण असं खोकं उघडताना दिसलं की मला शिंपल्यांच्या शेडमागचा निळा टब आठवतो, आणि त्याच्याशेजारी हात मागे बांधून उभे असलेले मारिनुसकाका आठवतात.

काकांचा सगळा जन्म त्या शेडमध्ये शिंपले धुण्यात गेला. क्लबातलं सामान तेच सांभाळायचे. तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच खिशात फार काही खुळखुळत नसे, म्हणून पहिला रेग्युलेटर घ्यायचा झाला की आधी काकांना विचारायचं. पाठीवरच्या टाकीतली दाबलेली हवा घोटाघोटाने तोंडात सोडतं ते हे यंत्र. ते बिघडलं तर बाकीचं सामान कितीही भारी असो, उपयोग शून्य.

"रंग बघू नकोस, खाली सगळंच हिरवं दिसतं," काका सांगायचे. "सुटे भाग गावात मिळतात का ते विचार. आणि दुकानदार म्हणाला ना, तुम्हाला शोभून दिसेल, की सरळ उठून चालू लाग."

मग टब. त्यात खाडीचं पाणी, शेडमधला चुरा केलेला बर्फ आणि वर मूठभर जाडं मीठ. टाकीला लावलेला रेग्युलेटर त्यात बुडवायचा आणि बटण दाबून दाबून हवा सोडायची. उबदार समुद्रासाठी बनवलेली यंत्रं आतून गोठायची आणि मग थांबायचं नावच घ्यायची नाहीत. सगळी टाकी फुर्रकन रिकामी. टबात ते हसण्यावारी जायचं. आमच्या ऑस्टरस्खेल्डे खाडीच्या थंडगार तळाशी ते झालं तर हसायला कोण उरणार?

काकांचा दुसरा नियम याहून कडक होता. समुद्रात उतरायचं ते स्वतःचा रेग्युलेटर घेऊन, दुसऱ्याचा तोंडात घालायचा नाही. क्लबाचे दोन होते, ते शिकाऊ लोकांना पोहण्याच्या तलावापुरतेच. तरुणपणी कुणाचा तरी उसना घेऊन काका उतरले होते आणि जेमतेम वर आले होते. त्या दिवसाबद्दल ते चकार शब्द काढत नसत. नियमाबद्दल मात्र रोज बोलत.

तानीकाकू म्हणजे त्यांची बायको. आम्ही पाण्यात असलो की ती बांधावरच्या बाकावर बसायची, वाटाण्याच्या सुपाचा थर्मास मांडीशी धरून. सूप असं घट्ट की चमचा उभा राहावा. पण तिचं खरं काम थंडीत असे. परसातल्या नासपतीच्या झाडाची छाटणी करून ती फांद्यांच्या जुड्या बांधायची, उरलेल्या निळ्या लोकरीने. वसंतात काका त्या खाली नेऊन तळाशी तंबूसारख्या रोवायचे. मे महिन्यात माकुलं, दहा हातांचे ते मऊ समुद्री जीव, खाडीत येतात आणि अशा फांद्यांवर अंडी लावतात. वर्षानुवर्षं फांद्या काकूच्या, आणि त्यावर काय होतं ते तिने कधी पाहिलेलं नव्हतं.

काका वर आले की ती विचारायची, "काय दिसलं?"

"काही नाही. गढूळ होतं," असं म्हणून काका सुपाला हात घालायचे. दर वेळी हेच उत्तर. मला त्यांचा असा राग यायचा!

मग एका हिवाळ्यात काकू गुडघेदुखीच्या नावाखाली तलावावर जाऊ लागली आणि गुपचूप डायव्हिंगच शिकून आली. वय सत्तावन्न. काकांना कळलं तेव्हा ते बराच वेळ कॉफी ढवळत बसले, साखर न घालताच. त्याच हिवाळ्यात डॉक्टरांनी काकांच्या छातीवर नळी ठेवून तोंड वाकडं केलं होतं. जूनमध्ये तपासणी होती आणि त्यानंतर त्यांना पाण्यात उतरायची परवानगी मिळणार नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

काकू मला म्हणाली, "लीन, एवढा एकच मे आहे. मला माझ्या फांद्या बघायच्यात, आणि त्या ह्या घुम्याबरोबर बघायच्यात."

पैसे होते ते बिस्किटांच्या डब्यात साठवलेले, एका रेग्युलेटरला पुरतील न पुरतील एवढे. म्हणून आम्ही राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीची वाट पाहिली. त्या दिवशी सगळा देश नारिंगी कपडे घालून रस्त्यात चादरी अंथरतो आणि माळ्यावरचा पसारा एकमेकांना विकतो. आमच्या लोकांना स्वस्तात मिळालेल्या वस्तूचा जो आनंद होतो तो चांगल्या वस्तूचा होत नाही. एका चादरीवर फोंड्यूचं भांडं आणि बाहुलीचा पाळणा यांच्यामध्ये एक निळा, देखणा रेग्युलेटर होता.

"इजिप्तला दोनदाच वापरलाय," विकणारा म्हणाला.

"मग खारवलेला असेल," काकू म्हणाली. "निम्म्यात दे."

"बाई, निम्म्यात तर मी बायकोपण देणार नाही."

"तिला विचारलंस का?"

शेजारच्या चादरीवरची माणसं हसायला लागली आणि काकूला तो निम्म्यात मिळाला. घरी येईपर्यंत ती तो छातीशी धरून चालत होती.

टबात घातला आणि काकांनी तिसऱ्यांदा बटण दाबताच तो जो सुटला, शेडच्या पत्र्यावरचे सीगल उडाले.

"फुकट गेला," काका म्हणाले.

"तू मुद्दाम जास्त मीठ टाकलंस!"

"मूठ तीच आहे, तानी."

"मला न्यायचंच नाहीये तुला! तोंडाने सांग ना तसं!"

काकूच्या डोळ्यांत पाणी होतं. काका टब उपडा करायला लागले. मला वाटलं, आता हे एवढ्यावरच संपतंय.

पण काकू हार मानणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही खूस शहरातल्या दुकानात गेलो. काकूने सुट्या भागांची चौकशी केली, स्क्रू मोजले, रंगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एक मोहरीसारखा पिवळा, थंड पाण्याचा रेग्युलेटर त्या रंगापायीच काचेत पडून होता. डब्यात उरलं होतं तेवढ्यात तो बसला, कारण दुकानदार तिच्या बडबडीला कंटाळला.

पुन्हा टब. काकांनी दाबलं, थांबले, पुन्हा दाबलं, बोटं लाल होईपर्यंत दाबत राहिले. पिवळा रेग्युलेटर सोडलं की गप्प, दाबलं की चालू.

"चालेल," काका म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द म्हणजे मोठं प्रशस्तिपत्रक.

काकू हात पुसत म्हणाली, "आता तुझा घाल."

"माझा कशाला? तू घरात आलीस त्याच्याही आधीपासूनचा आहे तो."

"म्हणूनच म्हणते. सगळ्या गावाचे बुडवलेस, तुझा कधी बुडवलास?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खरंच, कुणी कधी पाहिलं नव्हतं. टब सुरू झाला त्याच्या कितीतरी आधी काकांनी आपला रेग्युलेटर घेतला होता. काकांनी तो टाकीला जोडला. दुसऱ्याच दाबात तो फुत्कारत सुटला आणि टाकी संपेपर्यंत थांबला नाही. त्याचे भाग मिळणं केव्हाच बंद झालं होतं.

मी म्हणाले, "काका, माझा घ्या. मी बसते बाकावर."

"नियम आहे."

"नियम तुम्हीच केलाय ना!"

"म्हणून तर."

"मग हा पिवळा तू घे," काकू हळूच म्हणाली. "शेवटचं वर्ष तुझं आहे, माझं नाही."

काकांनी पिवळा रेग्युलेटर उचलला, गोड्या पाण्यात धुतला, आपल्या शर्टाने पुसला आणि तिच्या हातात दिला. "तुझ्या तोंडासाठी घेतलाय. लीन नेईल तुला." एवढं बोलून ते टब घासायला बसले. त्या दिवशी मला त्यांचं डोकं त्याच टबात बुडवावंसं वाटलं होतं.

तो रविवार स्वच्छ होता. भरती थांबून ओहोटी लागायच्या आधी पाणी घटकाभर स्तब्ध होतं, तेवढ्यातच उतरावं लागतं. काकांनी पायऱ्यांवर बसून काकूच्या पायात फिन्स चढवले, पट्टे तपासले, पुन्हा तपासले. मग थर्मास घेऊन बाकावर जाऊन बसले. त्या बाकावर त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

खाली हिरवा उजेड होता. काकूने माझा हात असा घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली, पण तिचा श्वास संथ चालू होता. फांद्यांचा तंबू दिसला आणि तिने हात सोडला. निळ्या लोकरीची गाठ होती, तिचीच. तिच्याखाली काळ्या द्राक्षांसारखे अंड्यांचे घोस लगडले होते आणि एक माकुल फांदीला बिलगून आणखी एक अंडं लावत होतं, अंगावर पट्टे उमटत होते, विरत होते. काकूने लोकरीच्या गाठीला एक बोट लावलं आणि तशीच राहिली. मी खूण केली तेव्हाच ती निघाली.

पायऱ्यांवर आलो तर काका उभेच होते, पाण्यात बुटांसकट.

"काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

काकूने तोंडातून पिवळा रेग्युलेटर काढला, नाक पुसलं. "काही नाही. गढूळ होतं."

काकांचं तोंड इतकं उतरलं की मला बघवेना. काकूलाही बघवलं नाही. ती तशीच ओलीचिंब त्यांच्या शेजारी बाकावर बसली आणि बोलायला लागली. कुठली गाठ, कुठला घोस, माकुलाचा डोळा कसा इंग्रजी डब्ल्यूसारखा असतो, ते तिच्याकडे कसं वळून पाहत होतं. काका ऐकत होते. सूप थंड झालं.

"एवढं सगळं असतं खाली," ती शेवटी म्हणाली, "आणि मला इतकी वर्षं गढूळ सांगितलंस?"

"मला असं सांगता येत नव्हतं, तानी," काका म्हणाले. "तुझ्याबरोबर जायचं होतं मला. एकदा तरी."

जूनमध्ये डॉक्टरांनी अपेक्षित होतं तेच सांगितलं. काकू उतरत राहिली, काका बाकावर बसत राहिले आणि प्रत्येक वेळी तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लावत राहिले. त्या थंडीत झाडाची छाटणी त्यांनी स्वतःकडे घेतली. खाली जास्त फांद्या जाव्यात म्हणून इतकी केली की पुढच्या शरद ऋतूत झाडाला एकसुद्धा नासपती लागली नाही. काकू त्यावरून त्यांना एका शब्दाने बोलली नाही.