तिसऱ्या रांगेतला अभिमन्यू

अभिमन्यू माझा शाळासोबती. तलवाड्यात त्याची मोठी बागायत आहे आणि जिल्हा परिषदेला उभं राहायची त्याहून मोठी इच्छा. गाडी बघायला त्यानं मला नेलं. बरोबर पाच कार्यकर्ते होते, पाच वस्त्यांचे. एकालाही मागं ठेवता येत नव्हतं. वस्ती फिरली असती.

शोरूममधला पोरगा म्हणाला, "सर, फॅमिली गाडी आहे. डिकीत तीन मोठ्या सुटकेस बसतात."

"सुटकेस कोण नेतंय? हे ठिवून बघ."

अभिमन्यूनं सामान घरूनच आणलं होतं. नारळाचं पोतं, सत्काराच्या शालींचा गठ्ठा, गुंडाळलेला फ्लेक्स. पहिल्या गाडीत फ्लेक्स आडवा आला. दुसरीत शाली बाहेर राहिल्या. तिसरीत सगळं मावलं. मग पाचही जण मधल्या रांगेत घुसले. त्यांतला बारका दुसऱ्याच्या मांडीवर बसला. दार लागलं. मी बघतच राहिलो.

"तिसरी रांग बघा ना, सर."

"ती घरच्यांची जागा. लई ऐसपैस हाय," अभिमन्यू पुढच्या सीटवरून मान न वळवता म्हणाला. नेता पुढंच बसतो.

मंजुषावहिनींना त्यानं शब्द दिला होता. पहिली फेरी धर्मापुरीला, त्यांच्या माहेरी. लग्न झाल्यापासून त्या माहेरी एसटीनंच जात. जीप असे, पण जीपमध्ये कार्यकर्ते असत.

गाडी दारात आली. वहिनींनी ठेवणीतली साडी नेसून ओवाळलं. किल्ली पूजेच्या ताटात होती. तोवर पाच जण मधे बसलेसुद्धा, मी तिसऱ्या रांगेत.

"तू मागं बस की," अभिमन्यू म्हणाला.

"मागं कावून? माहेर माझं हाय." वहिनींनी किल्ली मुठीत धरली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. "अहो, बसा आता. न्हाईतर गाडी हालायची न्हाई."

अभिमन्यूनं पाच जणांकडं पाहिलं. पाचही जण गाडीचं छत न्याहाळत होते.

"वेशीअलीकडं जागा बदलू," असं पुटपुटत तो माझ्याशेजारी तिसऱ्या रांगेत शिरला. गुडघे हनुवटीला लागले. वहिनींनी ड्रायव्हरला किल्ली दिली. परळी मागं पडली तरी अभिमन्यू पाय ठेवायला जागा शोधत होता.

सासरे राधाकिशनराव वेशीच्या बरंच पुढं येऊन थांबले होते. हार, शाल, हलगी. जावयाचा सत्कार. गाडी थांबली, हलगी कडाडली. फोटोवाल्याकडं बघत त्यांनी पुढच्या खिडकीतून हार आत घातला. तो वहिनींच्या गळ्यात पडला.

मग म्हातारे वळले. लेकीकडं बघत राहिले. जावयाची शालही त्यांनी तिच्याच खांद्यावर घातली.

"मामा! मी हिकडं हाय!" अभिमन्यू ओरडला.

मधली रांग दुमडल्याशिवाय मागच्याला उतरता येत नाही. मधले पाच जण टाळ्या वाजवत होते.

"मागं लई अडचण हाय बे," तो मला म्हणाला. "शोरूममधी बोलला कावून न्हाईस?"