शेवळं आणि काकडं एका वाट्यात

कुळगावातल्या वाचनालयात मी नुकताच ग्रंथपाल म्हणून लागलो होतो. एके दिवशी विनयाताई आल्या आणि पुस्तक मागायचं सोडून विचारू लागल्या, "पाककृतींची पुस्तकं आरोग्याच्या कपाटात का नाहीत हो?" मी क्रमांकांची पद्धत समजावली. त्या म्हणाल्या, "ही तुमची सोय झाली. खाणाऱ्याची कुठली?" मला रागच आला होता, हे आज कबूल करतो.

यंदा पंचाहत्तरी गाठणाऱ्या ताई वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. पण माणसं वस्तूंची वर्गवारी कशी लावतात, हा त्यांचा खरा ध्यास. उल्हासनगरचे सिंधी व्यापारी नुसत्या स्पर्शाने कापडाची प्रतवारी कशी करतात, हे पाहत त्या दुपारभर दुकानात बसत. अंबरनाथच्या रसायन कारखान्यातले एक स्टोअरकीपर त्यांना म्हणाले होते, "मॅडम, कुठलं पिंप कोणाच्या बाजूला ठेवायचा नाय, आम्ही तेवढंच बघतो." ताई हे वाक्य वर्गात दरवर्षी सांगत.

तरीही चूक झालीच. बदलापूरच्या रानभाज्यांवरचं त्यांचं बारा वर्षांचं काम छपाईला निघालं होतं. तोवर मी ताईंना कामात मदत करू लागलो होतो; वनस्पतींच्या कुळांनुसार क्रम मीच लावला होता. बारवी धरणाकडच्या पाड्यावरून भाजी विकायला येणाऱ्या हिराबाईंना ताईंनी कौतुकाने पानं दाखवली. चित्रं बघता बघता हिराबाई थांबल्या.

"शेवळं हितं न् काकडं पार तिकडं? बाई, काकडाबिगर शेवळं शिजवली त घसा खाजून जीव नकोसा व्हईल. आमी वाटाच येक लावतो."

शेवळांची खाज काकडाच्या आंबट फळांनी मरते, म्हणून बाजारात दोन्ही एकाच वाट्यात, म्हणजे एकाच ढिगात, विकतात. कुळं वेगळी म्हणून मी दोहोंत चाळीस पानं घातली होती.

"शेवटी एक टीप टाकू," मी म्हणालो.

"टीप कोण वाचतं? भाजी मात्र चुलीवर चढते," म्हणत ताईंनी छपाई थांबवली. प्रकाशक वैतागले, मीही धुसफुसलो. ताई मात्र पुढचे दोन पावसाळे हिराबाईंच्या टोपलीशेजारी पोतं अंथरून बसल्या आणि पुस्तक नव्याने लावलं: एकत्र काय शिजतं, दोनदा काय उकळायचं, बाळंतिणीला काय द्यायचं नाही. मुखपृष्ठावर हिराबाईंचं नाव त्यांनी आपल्या आधी घातलं. ते पाहून माझा राग पार गेला आणि स्वतःची लाज वाटली.

परवा ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी विचारलं, ताईंवरचा तुमचा हा लेख 'संशोधन' विभागात घालू की 'स्नेहबंध'मध्ये? मला ठरवता येईना, म्हणून बाजारात जाऊन हिराबाईंनाच विचारलं. काकडं निवडता निवडता त्या म्हणाल्या, "बाईंना माझ्याशेजारी ठेवा. वाटा येकच."

ताई, तुम्हांला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. टोपलीशेजारची तुमची जागा हिराबाईंनी राखून ठेवली आहे. यंदा पोतं जरा मोठं आणा, मलाही बसायचं आहे.