साखळीतला माझा दिवस

आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणी फार आजारी पडलं की बायका साखळी धरतात. उपासाची साखळी. एकेकीने एकेक दिवस वाटून घ्यायचा. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, आणि हातातलं काम करता करता त्या आजारी माणसाचं नाव देवापुढे धरायचं. दिवेलागणीला जिचा दिवस उद्या आहे तिच्या दारात जायचं आणि म्हणायचं, "माझा दिवस झाला." ती म्हणते, "आता माझा." मग दोघींनी मिळून प्रार्थना करायची आणि घरी येऊन जेवायचं. मधला एकही दिवस रिकामा जाऊ द्यायचा नाही. गेला तर साखळी तुटली, असं जुन्या बायका म्हणतात. शास्त्रात हे कुठं लिहिलंय मला माहीत नाही. पाळकांनाही माहीत नसावं, पण ते कधी अडवत नाहीत.

मानवतला धान्यबाजाराच्या, मोंढ्याच्या मागे आमची पत्र्याची खोली आहे, तिथे उपासना होते. पंधरावीस घरं असतील आमची. मी तिथे मागे, चपला ठेवतात त्या बाजूला बसते. मला चार माणसांत बोलता येत नाही. देवाने माझ्यासाठी काय केलं, अशी साक्ष आजवर एकदाही उभं राहून दिली नाही. कुणी माझ्याकडे बघून "मावशी, तुम्ही प्रार्थना चालवा" म्हटलं की मी मान खाली घालते. याचा अर्थ बायकांनी असा लावला की मी फार खोल आहे. जी माणसांशी बोलत नाही ती देवाशी बोलत असणार. म्हणून कुणाचं ऑपरेशन असलं, कुणी अडली असली, की तो अवघड दिवस माझ्या वाट्याला येतो.

खरी गोष्ट अशी आहे की मला प्रार्थना येईनाशी झाली आहे. शब्द येतात, ते लहानपणापासून पाठ आहेत. पण पूर्वी डोळे मिटले की समोर कुणीतरी बसल्यासारखं वाटायचं. नवरा गेला तेव्हा पोटच्या पोरी लहान होत्या, घरात पीठ नसायचं, तेव्हासुद्धा देव समोर असायचा. मी त्याच्याशी भांडायचे. आता पोरी नांदायला गेल्या, शाळेत खिचडी शिजवायचं काम आहे, दोन वेळचं नीट चाललं आहे, आणि आता तो नाही. कधी गेला तेही सांगता येत नाही. एक दिवस डोळे मिटले आणि समोर फक्त डोळे मिटल्यावर दिसतो तो अंधार होता. मी वाट बघितली. आठवडा, महिना. मग वर्ष झालं. पाळक एकदा म्हणाले की वधस्तंभावर प्रभूलाही बापाने सोडल्यासारखं वाटलं होतं. मी मागे बसून विचार केला, त्याने निदान मोठ्याने हाक तरी मारली. माझ्यात हाक मारण्याइतकंही काही उरलं नाही.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आक्काला तर नाहीच.

आक्का म्हणजे माझी सख्खी बहीण नव्हे. मंडळीतली, माझ्याहून आठदहा वर्षांनी मोठी, बांगड्यांची टोपली घेऊन गावोगाव फिरणारी. मी चौथीपर्यंत शिकले आणि मग सगळं विसरले. मोठ्या अक्षरांचं शास्त्र मांडीवर ठेवून तिने मला पुन्हा वाचायला शिकवलं. एक ओळ वाचायला मला जितका वेळ लागायचा तितक्यात ती एक विड्याचं पान खायची. मला ती 'मुके' म्हणायची. "मुके, जरा मोठ्यानं वाच. देवाला ऐकू कमी येतं. न्हाईतर पाळकांनी माईक कामून लावला असता?"

तिच्या पोटात गाठ निघाली. परभणीला तपासणी करून आली त्या दिवशीही तिची थट्टा संपली नव्हती. "डॉक्टर म्हनतो, पोटात गाठ हाय. मी म्हनलं, माज्या पोटात आजवर येक गुपित राहिलं न्हाई, गाठ कशी काय राहिली?" सून रडायला लागली तेव्हा तिने सुनेला चहा करायला पाठवलं आणि माझा हात धरला. तिचा हात थंड होता. "मुके, मला जगायचं हाय. हे बाकीच्यांना सांगू नगंस. त्या म्हनतेत, प्रभूच्या घरी जायचं म्हंजी आनंद. मला न्हाई जायचं इतक्यात. तू माग माज्यासाठी. तुजं ऐकतो तो."

मी मान हलवली. माझं तेवढंच असतं.

पाळकांच्या बायकोने, पाळकबाईंनी, साखळी बांधली. पाळकबाई तरुण आहेत, लातूरकडच्या, शिकलेल्या. त्यांनी कागदावर नावं लिहून काढली. नऊ बायका, म्हणजे दर दहाव्या दिवशी परत पहिलीची पाळी. माझ्यानंतर त्यांचा स्वतःचा दिवस होता. माझी पहिली पाळी मी पाळली. उपाशी राहिले, दिवसभर आक्काचं नाव घेतलं. नाव घेतलं की पुढे काही येत नव्हतं. ते नाव तोंडातून निघायचं आणि तिथेच खाली पडायचं.

दुसऱ्या पाळीला जे झालं ते लिहायला मी ही वही घेतली आहे.

शाळेत आम्ही दोघी शिजवतो. मुलांना वाढायच्या आधी चव बघावीच लागते, तसा नियम आहे. माझा उपास असला की दुसरी बाई चव बघते. त्या दिवशी ती झरीला लग्नाला गेली होती. खिचडी उतरवली, मॅडम वर्गात होत्या. मी चमच्याच्या टोकावर चार शितं घेऊन जिभेला लावली. मीठ बरोबर होतं. थुंकता आलं असतं. उपासाला तेवढं चालतं, ती नसली की पूर्वी कितीदा केलं आहे. मी गिळलं. मग ताटली घेतली, पळीभर खिचडी वाढून घेतली आणि चुलीमागच्या भिंतीला टेकून सगळी खाल्ली. वर आणखी घेतली.

भूक लागली होती म्हणून खाल्लं असतं तर बरं झालं असतं. भूक नव्हती. मला बघायचं होतं. आत कुठूनतरी कुणीतरी म्हणेल, अगं काय करतेस, तिचा जीव तिकडे टांगलाय. कुणीतरी हात धरेल. प्रत्येक घासाला मी थांबत होते. कुणी काही म्हटलं नाही. ताटली धुतली आणि मुलांना वाढायला गेले. मग उरलेला दिवस तिचं नावही घेतलं नाही.

दिवेलागणीला पाळकबाईंच्या दारात गेले. "सलाम, मावशी, या," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "माझा दिवस झाला." आवाज जरासुद्धा हलला नाही. त्या म्हणाल्या, "आता माझा." प्रार्थना झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. "उपासाच्या दिवशी तुमचा चेहरा किती शांत असतो. मला तर दुपारपासून डोकं धरतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काला रक्ताची उलटी झाली. जीप करून परभणीला नेलं.

गाठ माझ्या खिचडीने वाढली नाही, एवढं मला कळतं. डॉक्टरांनी आधीच सुनेला सांगून ठेवलं होतं की फार आशा धरू नका. पण कळणं एका जागी असतं आणि माणूस दुसऱ्या जागी. ती दवाखान्यात होती ते आठ दिवस मी रोज चुलीमागच्या त्या भिंतीकडे पाठ करून काम केलं. नवव्या दिवशी घरी आणली. डॉक्टर म्हणाले होते, घरी न्या, जे खावंसं वाटेल ते द्या.

मी शाळा सुटल्यावर गेले. सून पाणी भरायला गेली होती. आक्का खाटेवर होती, इतकी बारीक झालेली की पांघरुणाखाली कुणी आहे असं वाटत नव्हतं. मला बघून हसली.

"मुके, येक सांगू का? मला न्यायच्या आदल्या दिवशी तुजा दिवस व्हता ना? त्या दिवशी लय बरं वाटलं व्हतं मला. अर्धी भाकर खाल्ली, दारात जाऊन बसले. सुनेला म्हनलं, आज मुकी मागायली माज्यासाठी, मला हितं कळायलंय."

ती हे बोलली नसती तर मी गप्प बसले असते. मी जन्मभर गप्प बसत आले आहे.

"आक्का, त्या दिवशी मी जेवले," मी म्हटलं.

"मंग? जेवली असशील संध्याकाळी."

"दुपारी. शाळेत. मुद्दाम. आन् प्रार्थना बी न्हाई केली. मला येतच न्हाई. लय दिवस झाले."

"किती दिवस?"

"वर्ष झालं."

"म्हंजी माज्यासाठी येकदा बी न्हाई?"

"नाव घेते. पुढं काही येत न्हाई."

बाहेर हंड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं ती रडेल, किंवा डोक्यावरून हात फिरवेल. मला तेच हवं होतं, हे आता लिहिताना कळतं.

"हे मला कामून सांगितलंस?" ती म्हणाली.

"मनाला खायलं व्हतं."

"तुज्या मनाला!" तिचा आवाज फुटला. "मरायले मी, आन् तू तुजं मन धुवायलीस माज्या खाटंवर. त्या येका दिवसावर मी आठ दिवस काढले दवाखान्यात. सुई टोचली की म्हनायची, मुकी हाय तिकडं. तेवढं बी ठिवलं न्हाईस. जा. उठ, जा घरी."

मी उठले. दारात सून भेटली, म्हणाली, "मावशी, च्या घेऊन जा की." मी मान हलवून निघाले.

तिसऱ्या दिवशी तिने सुनेकडून निरोप पाठवून बोलावलं. मी खाटेजवळ खाली बसले. ती म्हणाली, "कर प्रार्थना."

"आक्का, मी सांगितलं ना..."

"न्हाई येत तर न्हाई येऊ दे. तोंडानं कर. मला आवाज पायजे. पाळक दहा मिन्टांत उरकतेत. तुला आता कुठं जायचंय?"

मग रोज शाळा सुटल्यावर मी जायचे आणि मोठ्याने प्रार्थना करायचे. मी, जिला चार बायकांत तोंड उघडता येत नाही. प्रभूने शिकवलेली प्रार्थना, मग पाठ असलेली स्तोत्रं, मग जे सुचेल ते, तिची गाठ वितळू दे, तिला अन्न जाऊ दे. माझे डोळे मिटलेले असायचे, तिचे उघडे. एकदा मधेच मी डोळे उघडले तर ती माझ्या तोंडाकडे बघत होती, बाजारात बांगडी फुटकी तर नाही ना म्हणून उजेडात धरून बघायची तसं. प्रार्थना संपली की मी आमेन म्हणायचे. ती म्हणायची नाही. शेवटपर्यंत एकदाही म्हणाली नाही. थट्टाही परत केली नाही. मी जायला निघाले की फक्त म्हणायची, "उद्या ये."

एका गुरुवारी दुपारी ती गेली. मी शाळेतच होते. साखळीत त्या दिवशी पाळकबाईंची पाळी होती.

मातीनंतर चारपाच दिवसांनी पाळकबाई माझ्या घरी आल्या. बसल्या आणि एकदम रडायला लागल्या. "मावशी, माझ्याच दिवशी गेल्या त्या. मी दुपारी आडवी झाले होते, डोकं फार दुखत होतं. तासभर झोप लागली. त्याच वेळी गेल्या. माझाच दिवस कमी पडला."

मला आक्काची खाट आठवली. खरं बोलून काय होतं ते मी बघितलं होतं. पण समोर ही तरुण बाई माझं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसली होती. मी म्हटलं, "तुमचा न्हाई. माझा कमी पडला. मी साखळी तोडली. मी उपास मोडून जेवले, शाळेत, पोटभर. मला वर्षापासून प्रार्थना येत न्हाई." एवढं लांब मी त्यांच्यापुढे कधी बोलले नव्हते.

त्यांनी डोळे पुसले. मग माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "मावशी, मला बरं वाटावं म्हणून तुम्ही हे सगळं स्वतःवर घेताय. मला कळत नाही का? तुम्ही रोज जाऊन त्यांच्यासाठी किती मोठ्याने, किती कळवळून प्रार्थना करत होता ते सुनेने सांगितलंय मला. ती दाराबाहेर उभी राहून रडायची."

"खरं सांगायले मी," मी म्हटलं.

"देव तुमच्यासारखी नम्रता मला देवो," त्या म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पुन्हा रडल्या. मोकळ्या झाल्या. जाताना त्यांचा चेहरा हलका दिसत होता. मला ते बघून बरं वाटायला हवं होतं.

दारात त्या थांबल्या. ताडकळसला मंडळीतल्या एकीची बहीण दिली आहे, ती फार आजारी आहे, उद्यापासून साखळी धरायची आहे. "पहिला दिवस तुम्ही घ्याल ना? तुमच्यापासून सुरू झाली की बाकीच्यांना धीर येतो."

मला नाही म्हणायचं होतं. ते तोंडापर्यंत आलंही होतं. मी मान हलवली. त्यांनी बहिणीचं नाव सांगितलं, ते मी दोनदा म्हणून लक्षात ठेवलं, आणि त्या गल्लीच्या वळणावर गेल्यावर मला कळलं की त्या बाईला काय झालंय हे मी विचारलंच नाही.