दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

बाळांनो, हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही दोघांनी पाच मिनिटांत स्वतःच वाचून टाकलं असतं. मुद्दाम मराठीत लिहिते आहे. तुम्ही मराठी छान बोलता, पण वाचताना अडखळता; तेव्हा हे तुमच्या आईलाच मोठ्याने वाचून दाखवावं लागेल. तिने एकही वाक्य गाळू नये.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू एका बँडच्या गाण्यावर वर्षभर लेक्चर दिलंस आणि ते गाणं त्यांचं नव्हतंच, खरं का गं?" तुमच्या आईने जेवताना ही गोष्ट सांगितली म्हणे, आणि सगळे पोट धरून हसलात. हो, खरं आहे. फोनवर मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र मनात आलं की ही गोष्ट आता विनोद म्हणून तुमच्या घरात राहायला आली आहे, आणि मला अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. माझी बाजू दुसरं कोण सांगणार?

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही तेव्हा कानडी मुलखात, बसवनगुडीत राहत होतो आणि मी तिथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. माझं स्वतःचं संगीत म्हणजे घरी म्हटलेली स्तोत्रं आणि शाळेत नन्सनी शिकवलेल्या प्रार्थना. त्यापलीकडे मी कधी गेले नव्हते. तुमची आई नुकती कॉलेजात जायला लागली होती. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी एक विलायती बँड डोक्यावर घेतला होता. न्यू वेव्ह म्हणत त्या प्रकाराला. गिटारपेक्षा सिंथेसायझर जास्त, माणसाऐवजी ताल धरणारं यंत्र, आणि कशाचंच काही वाटत नसल्यासारखे गाणारे चार इंग्रज तरुण. त्यांच्या देशात ती गाणी एव्हाना जुनी झाली होती. आपल्याकडे उशिरा आली आणि मग हलायलाच तयार नव्हती. त्यातलं एक गाणं तर कॉलेजच्या प्रत्येक समारंभात, केकच्या दुकानात, शेजारच्या गच्चीवर, सगळीकडे वाजायचं. ते त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं.

तेव्हा मुलं गाणी भरून आणायची. गांधी बाजारच्या मागच्या गल्लीत एक रेकॉर्डिंगचं दुकान होतं. तिथल्या अण्णांकडे कोरी कॅसेट द्यायची, कोणती रेकॉर्ड हवी ते सांगायचं, आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन यायची. अण्णा कॅसेटवर बँडचं नाव तेवढं निळ्या शाईने लिहायचे. गाण्यांची यादी लिहायला त्यांना कधीच वेळ नसे.

मी सहामाहीचे पेपर तपासत असताना तुमच्या आईने ती कॅसेट लावली. एक बाजू संपली, तिने ती उलटली आणि आंघोळीला गेली. मी ऐकतही नव्हते. दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी ती सगळी ठोकठोक थांबली. चर्चमधल्या ऑर्गनसारखा एकच लांब सूर, आणि त्यावर एका पुरुषाचा आवाज, जवळजवळ बोलत असल्यासारखा. कोणीतरी घरी परत येत नाहीये आणि हा माणूस रोज दोन माणसांचं ताट मांडतो आहे, एवढंच त्यात होतं. माझ्या हातातलं लाल पेन तसंच राहिलं. टेप संपून खटका पडला तेव्हा मी उठून ती मागे नेली आणि पुन्हा ऐकली. त्या मशीनला हात लावायची माझी ती पहिलीच वेळ.

जेवताना मी जाहीर केलं, "ते गाजलेलं गाणं काही त्यांचं सर्वांत चांगलं नाही. शेवटचं आहे ते."

"आई, तुला ते गाजलेलं कळलं तरी का?" तुमची आई म्हणाली. "त्याच्यावर नाचायचं असतं. पेपर नसतात तपासायचे."

"नाचता आलं म्हणजे झालं चांगलं?"

"सगळं जग वेडं आणि तू एकटी शहाणी!"

तुमचे आजोबा बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून थकून यायचे. ते म्हणाले, "दिवसभर मशीन ऐकतो, आणि घरी येऊन पण मशीनच. तुमचं भांडण चालू द्या, आवाज स्वल्प कमी करा."

भांडण चालू राहिलं. आठवडे, महिने. तुम्हाला हे सांगितलं पाहिजे की मला ते फार आवडायचं. त्याआधी ती माझ्याशी बोलायची ती पैंजण कुठे ठेवले आणि उशीर का झाला इतपतच. आता ती माझ्यासमोर पाय दुमडून बसायची आणि बरोबरीने वाद घालायची. मी माझ्या स्वभावाप्रमाणे प्रत्येक गाण्याचं एक कार्ड केलं: सुरुवात कशी, शब्द काय, शेवट कसा. माझा मुद्दा असा होता की गाजलेलं गाणं म्हणजे पाहुण्यांसाठी काढलेली कपबशी. शेवटचं गाणं, शेवटपर्यंत थांबलेल्यांसाठी. आणि ज्या बँडचं सगळं नाव त्या यंत्राच्या तालावर झालं, त्यांनी एका गाण्यात ते यंत्र बंद करून टाकावं, यालाच मी त्यांची खरी हिंमत म्हणत होते. या मुद्द्याचा मला विशेष अभिमान होता.

पुढे काही महिन्यांनी तुमची आई एकदम कमी भांडायला लागली. "असेल बाई तुझं खरं," म्हणायची. मला वाटलं, पटलं हिला. त्याच सुमारास तिने विचारलं, "माझ्या मैत्रिणींना ऐकायचंय तू काय म्हणतेस ते. शनिवारी बोलावू?"

चौघी आल्या. मी कोडबळे, म्हणजे इकडची कडबोळी, केले होते, कॉफी केली. आधी गाजलेलं गाणं लावायचं, मग शेवटचं, मग मी बोलायचं, असा क्रम ठरला. त्या पुढच्या शनिवारी पुन्हा आल्या. मग महिन्यातून दोनदा तरी येऊ लागल्या. त्यांच्यातली एक उंच मुलगी नेहमी एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारायची, "आंटी, बाकीच्या सगळ्या गाण्यांत तो ताल आहे, मग याच्यातच का नाही?" मी खुलायचे. कार्डं काढायचे. एखादी मान खाली घालून बसायची, ती विचार करते आहे असं मला वाटायचं. शाळेत चाळीस मुली माझ्यासमोर बसायच्या, पण त्यांना बसावंच लागायचं. या स्वतःहून येत होत्या. शनिवारी सकाळी मी जरा बरी साडी नेसू लागले होते.

असं जवळजवळ वर्ष गेलं.

तुमच्या आईच्या वाढदिवसाला त्या बँडची कंपनीने काढलेली, छापील वेष्टनाची कॅसेट द्यावी म्हणून मी नाव दाखवायला आमची भरलेली कॅसेट पिशवीत घेऊन एम. जी. रोडला गेले. दुकानात उभ्या उभ्या मागची यादी वाचली. दहा गाणी होती. आपल्या कॅसेटवर अकरा. पुन्हा मोजली. माझं गाणं यादीत नव्हतं. वाटलं, इथल्या कंपनीने गाळलं असेल. कोणाला ठाऊक, लोकांना संथ गाणी नको असतात. ती विकत घेऊन तशीच बस पकडून गांधी बाजारात गेले आणि अण्णांना म्हटलं, "पाहा, तुमच्याकडच्या रेकॉर्डवर आहे आणि यांनी काढून टाकलंय."

अण्णांनी आमची कॅसेट लावून शेवट ऐकला आणि मान हलवली. "हे यांचं नाही, अक्का. शेवटी टेप उरली होती. खाली टेप मी देत नाही कोणाला."

आपल्याकडे भाजीवाली वजन झाल्यावर वरून मूठभर कोथिंबीर टाकते, तिला कोसरु म्हणतात. अण्णा गाण्यांत कोसरु द्यायचे. टेप उरली की त्यांच्या मनाला येईल ते एखादं गाणं भरायचे. बसवनगुडीतल्या निम्म्या मुलांच्या कॅसेटींवर असं एकेक परकं गाणं होतं, आणि हळूहळू सगळ्यांना ते माहीत झालं होतं. मला नव्हतं.

मी म्हटलं, "आधी सांगायचंत तरी."

"सांगितलं की! तुमची मुलगी आली होती विचारायला. झालं असेल वर्ष. रेकॉर्डचं कव्हरसुद्धा दाखवलं तिला." ते स्टुलावर चढून वरच्या फळीवर शोधायला लागले. "थांबा, तुम्हाला पण दाखवतो कोणाचं ते."

"नको," मी म्हणाले आणि बाहेर पडले.

घर तिथून दहा मिनिटांवर. त्या दहा मिनिटांत मी मागचे सगळे शनिवार एकेक करून आठवले. तो फिरवून विचारलेला प्रश्न. त्या खाली घातलेल्या माना. "असेल बाई तुझं खरं." चूक झाल्याचं मला फारसं काही वाटलं नाही. चुका होतात, मी त्यांच्याभोवती लाल गोल काढते, ते माझं कामच होतं. पण मुली माझं ऐकायला येत नव्हत्या. मला बघायला येत होत्या. आणि त्यांना माझ्या मुलीने आणलं होतं.

शनिवारपर्यंत मी काही बोलले नाही. शनिवारी कोडबळे केले, कॉफी केली, कॅसेट लावली. गाणं संपल्यावर विचारलं, "आज तुम्ही सांगा. हे गाणं कोणाचं?"

मग एकीच्या नाकातून हसू फुटलं, तिने तोंडावर हात दाबला. उंच मुलगी म्हणाली, "सॉरी, आंटी." तिच्या तोंडात अजून कोडबळ्याचा घास होता.

त्या चौघी गेल्यावर तुमची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "गंमत होती गं, आई."

"किती दिवसांची?"

"मी सांगणारच होते. पण तू इतकी खूश असायचीस त्या गाण्यावर. आणि एकदा नाही सांगितलं की मग..."

"मग मैत्रिणींना सांगितलंस."

तिने उरलेले कोडबळे डब्यात भरायला घेतले.

"त्या माझं ऐकायला यायच्या की हसायला?"

तिने जरा विचार केला. ती खोटं बोलली असती तर त्या दिवशी मला चाललं असतं. "दोन्ही," ती म्हणाली. "खरंच, आई. दोन्ही."

मी कपबश्या विसळायला घेतल्या.

पुढच्या आठवड्यात ती उंच मुलगी एकटीच आली. जाळीच्या दारापलीकडून म्हणाली, "आंटी, मी खरंच ऐकायला यायची. मला ते गाणं आवडतं." मी सांगितलं की पेपर तपासायचे आहेत. तेव्हा मे महिना होता, शाळेला सुट्टी होती. तिलाही ते ठाऊक असणार. ती पुन्हा आली नाही. हे मी केलं, आणि तेही या गोष्टीत यायला हवं, म्हणून लिहिते.

त्याच सुट्टीत, घरात कोणी नसताना, मी कंपनीची ती कॅसेट पहिल्यापासून ऐकली. वाढदिवसाला दिलीच नव्हती. कार्डं समोर घेतली आणि ते गाजलेलं गाणं सहा-सात वेळा लावलं. तोवर मी ते नीट ऐकलंच नव्हतं. सगळ्यांना आवडतं एवढं कारण मला ते नाकारायला पुरलं होतं. आता ऐकलं तर कळलं की तो यंत्राचा ताल बेपर्वा नाही, तो घाबरलेला आहे. गाणाऱ्याला थांबायची भीती वाटते आहे, म्हणून तो पळतो आहे, आणि वर्षभर त्या तालावर नाचणाऱ्या मुलींना हे माझ्या आधी कळलं होतं. गाजलेलं गाणं हेच त्यांचं सर्वांत चांगलं गाणं आहे. तुम्हाला कोणी विचारलं तर आजीचं मत म्हणून हेच सांगा. ते मान्य करताना मला आनंद झाला नाही. वाद तुमच्या आईने जिंकला होता आणि तिला सांगायची माझी इच्छा नव्हती. आज पहिल्यांदा तिला कळतं आहे, तेही स्वतःच्याच तोंडून.

तिने त्यानंतर दोनदा माफी मागितली. एकदा त्याच वर्षी, एकदा लग्न होऊन तिकडे जायच्या आदल्या दिवशी, बॅग भरताना. दोन्ही वेळा मी म्हणाले, "सरी, ठीक आहे, सोड आता." आमचं भांडण नाही. दर रविवारी फोन असतो. पण गाणं तिने लावलं आणि मी ऐकलं, असं त्यानंतर कधी झालं नाही. मी एखाद्या गोष्टीबद्दल जरा जास्त वेळ बोलले आणि पलीकडे शांतता झाली, की मी लगेच विचारते, "ऐकते आहेस ना?" ती म्हणते, "ऐकतेय, आई." ती ऐकतच असते. तरी मी बोलणं आवरतं घेते. त्या आधी मी अशी नव्हते.

टेप कधीच चिकटून गेली. अण्णांच्या दुकानाच्या जागी आता चष्म्यांचं दुकान आहे. ते शेवटचं गाणं मला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पाठ आहे. कोणी गायलं आहे ते मी अजून कोणाला विचारलेलं नाही.