दोरे तोडायचे नाहीत

थोरली गेली आणि तिच्या मशीनवर भावजींनी चादर टाकून ठेवली. थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ, भावजी तिचे मालक. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून आम्ही दोघी एकाच स्वयंपाकघरात. भांडलो पण तिथंच, हसलो पण तिथंच.

ती कपड्यांच्या कारखान्यात ओव्हरलॉकवर बसायची. कापडाची कड कापत कापतच शिवतं ते मशीन, चार दोऱ्यांचं. दिवसभर शर्टांच्या कडा. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बाया रडल्या, ही मालकाला म्हणाली, माझं मशीन मला द्या, दुसऱ्या कुणाचं ते ऐकणार नाही. आणि खरंच घेऊन आली. खिडकीपाशी मांडलं.

मग गोधड्या सुरू झाल्या. जुने शर्ट, चादरी, पोरांचे युनिफॉर्म, सगळ्याच्या पट्ट्या काढायची. वर पट्टी, मधे जुनी चादर, खाली अस्तर, सगळं एकदम मशीनखालून. उलटवलं की शिवण आत जाते, दिसत पण नाही. टाचणी लावायची नाही, ती पात्याखाली आली तर पातं मोडतं. म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायची. माझी दोरी कायम बिनचिमट्याची.

समोरची शिंपीण एकदा म्हणाली, "हाताचा एक टाका नाही, ही कसली गोधडी?"

थोरली मान वर न करता म्हणाली, "मग मशीन चालवताना माझे हात काय खिशात असतात?"

मला पण शिकवायची. सरळ शिवण जमली, दोरा ओवणं काही जमलं नाही. आत कुठल्या कुठल्या वाकड्या हुकांतून न्यायचा असतो. ती म्हणायची, "दोरा कधी ओढून काढायचा नाही. वर कापायचा, नव्याची गाठ मारायची आणि हळू ओढायचं. जुना नव्याला वाट दाखवतो."

"सासू सुनेला दाखवते तशी," मी म्हणलं.

"जाऊ म्हण. सासू कुठं दाखवते?"

लेकीला दिवस गेलेत कळल्यावर तिनं बाळासाठी गोधडी काढली. दोन पट्ट्या राहिल्या आणि छातीत दुखतंय म्हणून जी आडवी झाली, ती उठलीच नाही.

परवा लेक आली. पोट हातात धरून खिडकीपाशी बसली. म्हणाली, "काकू, आईची गोधडी पुरी होईल का गं?"

होईल, म्हणलं. म्हणलं तर खरं. दोरे निघाले असतील तर ते मशीन ओवणारं आता घरात कुणी नाही, आणि समोरच्या शिंपिणीकडं साधं मशीन.

चादर काढली. वरच्या दांड्या मोकळ्या. रिळं गायब.

"भावजी, रिळं कुठं गेली?"

"डब्यात ठेवलीत. धूळ बसते ना त्यांच्यावर."

"आणि दोरे? ओढून काढले?"

"ओढले असते तर काहीतरी बिघडलं असतं. कात्रीनं कापले." मग हळूच म्हणाले, "चुकलं का माझं?"

मी वाकून बघितलं. चारी टोकं वर लोंबत होती. तिनं ओवलेली, जशीच्या तशी.

"नाही भावजी. असंच कापायचं असतं."

रिळं चढवली, चार गाठी मारल्या. दोन सुयांच्या दोऱ्यांच्या गाठी नेढ्यातून जात नाहीत, त्या सुईपाशी आल्यावर कापल्या आणि लेकीनं ओवून दिलं, माझे डोळे कुठले. बाकीच्या दोन गाठी थोरली नेहमी चिंधीवर शिवून काढून टाकायची.

"चिंधी देऊ?" लेकीनं विचारलं.

"नको. गोधडीवरच घेऊ."

चिमटे लावले, पाय दाबला. पहिली चार बोटं शिवण तिच्या दोऱ्याची झाली, मग गाठी आत गेल्या, पुढं आमचा दोरा. मी एकदा थांबले, तेव्हा लेक म्हणाली, "काकू, आई असती तर ओरडली असती, मधेच थांबू नको म्हणून." दुसरी पट्टी न थांबता केली.

भावजी गोधडी मांडीवर घेऊन बसले. सगळीकडं हात फिरवला.

"कुठं आहेत गाठी?"

"आत आहेत."

"लागत नाहीत की हाताला."

"बाळाला टोचायला ठेवल्यात का भावजी?"

हसले थोडं. ती गेल्यापासून पहिल्यांदा.

लेक गोधडी घेऊन गेली. चिमटे मी मोजून दोरीला लावले. मशीनवर परत चादर टाकलीय. रिळं मात्र वरच राहू दिलीत, धूळ बसली तर बसू दे.