दादाला गोठ्यात मी घातलं

आमच्या कासार आंबोली गावात अजून सांगतात की थोरल्या भावाला मी पुण्याला नेऊन वाचवलं. ते ऐकताना मी मान खाली घालायचो आणि लोकांना तो माझा विनय वाटायचा. दादाला पुण्याला नेलं ते वहिनीनं. मी त्याला फक्त गोठ्यापर्यंत नेलं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दादा खोकायला लागला, वाळला. एक्स-रेत छातीत गाठ दिसली. मी पौडच्या शाळेत मास्तर, तेव्हा मला सगळंच कळायचं. टीबी आहे असं मी जाहीर केलं आणि पोरांना लागेल म्हणून त्याची खाट म्हशींशेजारी टाकली. थुंकीत जंतू सापडले नाहीत. मी म्हटलं, लपून बसले असतील. टीबीच्या औषधांनी गाठ जागची हलली नाही, तेव्हा म्हटलं, दादा गोळ्या थुंकत असेल.

शेवटी वहिनीनं त्याला एसटीत घातलं. मी मागोमाग गेलो, अब्रूखातर.

पुण्याचे डॉक्टर म्हणाले, कॅन्सरही असू शकतो. एक्स-रेच्या पडद्यावर बघत बाहेरूनच गाठीत सुई घालू, कण काढू आणि तपासू. सुई लागली की गाठ पेटते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी नको म्हणालो.

"भावजी, सुई तुमच्या छातीत घालायची हाय का?" वहिनी म्हणाली. "न्हाई ना? मग गप बसा." आणि तिनं कागदावर अंगठा उठवला.

आतलं दादानंच नंतर सांगितलं. अंधारी खोली, पडद्यावर त्याच्याच बरगड्या. डॉक्टर म्हणाले, श्वास धरा, अजिबात खोकू नका.

"सायेब," दादा म्हणाला, "न खोकता ऱ्हाता आलं असतं, तर हितं कशाला आलो असतो?"

तरी त्यानं श्वास धरला. कण निघाला. ना टीबी, ना कॅन्सर. सार्कॉइडोसिस नावाचा क्वचित दिसणारा आजार. त्यात शरीर आपल्याच आत सूज आणून गाठी करतं. कुणाला लागत नाही. हे शेवटचं वाक्य डॉक्टरांनी माझ्याकडे बघून दोनदा सांगितलं.

स्टिरॉइडच्या गोळ्यांनी दादाचा खोकला कमी झाला, गाल फुगले. पण गावी परतल्यावरही तो गोठ्यातून हलेना. एका दुपारी मी माझं ताट घेऊन तिकडे गेलो. शेजारी बसायचं, चुकलो म्हणायचं आणि त्याला घरात आणायचं, असं ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि मला शिंक आली.

"लांब बस," दादा म्हणाला. "या गोळ्या हायेत तंवर सर्दीवाल्याला जवळ करायचं न्हाई. डॉक्टर म्हणलाय."

"दादा, साधी सर्दी आहे."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

मी दाराशी सरकून जेवलो. म्हशी आत, दादाजवळ. माझी सर्दी गेल्यावर तो आपणहून घरात आला. 'चुकलो' मात्र मी त्याला कधीच म्हणालो नाही. आता तो नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.